नेट न्यूट्रॅलिटी: दहा लाख ईमेलनी नेमके काय साधले?

2015 च्या एप्रिल महिन्यात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, इंटरनेट सर्वांसाठी सारखेच खुले राहावे अशी मागणी करणारे दहा लाखांहून अधिक ईमेल दोन आठवड्यांच्या आत गेले. तोवर ट्रायच्या सल्लामसलतीत, म्हणजे नियम करण्यापूर्वी मते मागवण्याच्या प्रक्रियेत, दूरसंचार कंपन्या, त्यांच्या संघटना, काही ग्राहक संस्था आणि मोजके अभ्यासक एवढेच लोक भाग घेत असत. अशी काही प्रक्रिया असते आणि तिच्यात कुणीही मत मांडू शकतो, हे बहुतेक मोबाइलधारकांच्या गावीही नव्हते. लोकांनी आवाज उठवला आणि यंत्रणा नमली, असे या मोहिमेचे वर्णन आजही केले जाते. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण त्यानंतर आठच महिन्यांनी झालेल्या दुसऱ्या फेरीत ईमेलचा मोठा गठ्ठा विरुद्ध बाजूने पडला होता आणि तरीही निकाल खुल्या इंटरनेटच्या बाजूने लागला. संख्येने ही लढाई सुरू करून दिली हे खरे, पण ती जिंकली गेली कारणांवर.

आधी मूळ तत्त्व पाहू. एसटीचे तिकीट अंतरावरून ठरते. प्रवासी तालुक्याच्या गावी बाजाराला चालला आहे की दवाखान्यात, आणि बाजारात कोणत्या दुकानात जाणार आहे, यावर कंडक्टर भाडे ठरवत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनेही असेच वागावे, एवढेच नेट न्यूट्रॅलिटीचे म्हणणे आहे. ग्राहकाने एक जीबीचे पैसे भरले असतील तर त्या एक जीबीत तो बातम्या वाचेल, व्हिडिओ पाहील किंवा परदेशातल्या मुलाशी बोलेल. त्यापैकी एखादी गोष्ट अडवणे, मुद्दाम मंद करणे किंवा तिच्यासाठी वेगळा दर लावणे कंपनीने टाळायचे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ टिम वू यांनी 2003 मध्ये या तत्त्वाला हे नाव दिले, परंतु ज्या पद्धतीने इंटरनेट वाढले त्या पद्धतीत ते पहिल्यापासून गृहीतच होते.

हे तत्त्व मोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, म्हणूनच त्यासाठी नियम लागतो. आपण पाठवलेली किंवा मागवलेली प्रत्येक गोष्ट लहान लहान तुकड्यांत विभागून जाते. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात आणि प्रत्येक पॅकेटवर ते कुठून निघाले व कुठे जायचे आहे याचा पत्ता असतो. पॅकेट पुढे ढकलण्यासाठी कंपनीला एवढा पत्ता पुरतो. पण तोच पत्ता वाचून, किंवा अधिक खोलवर तपासणी करणारी उपकरणे बसवून, हे पॅकेट कोणत्या ॲपचे आहे हेही बऱ्याच प्रमाणात ओळखता येते, आणि एकदा ओळखता आले की त्याला थांबवता येते, मागे ठेवता येते किंवा त्याचा हिशेब वेगळा मांडता येतो. अमेरिकेत 2007 मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट पुरवणारी कंपनी बिटटोरंट या फाइल वाटपाच्या पद्धतीची वाहतूक गुपचूप अडवत असल्याचे उघड झाले, तेव्हा ही भीती केवळ पुस्तकी नाही हे दिसून आले.

भारतात वादाला तोंड फुटले ते डिसेंबर 2014 मध्ये. व्हायबर, स्काइप यांसारख्या सेवांवरून केलेल्या कॉलसाठी नेहमीच्या डेटा पॅकऐवजी वेगळा, चढा दर लावण्याची घोषणा एअरटेलने केली. फोन कॉलचे उत्पन्न इंटरनेटवरील कॉलमुळे घटेल, ही कंपन्यांची चिंता होती आणि व्यवसायाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी होती. मात्र ज्या डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच मोजले आहेत, तोच डेटा बोलण्यासाठी वापरला म्हणून पुन्हा पैसे मागण्याचा प्रकार लोकांना पटला नाही. टीकेचा जोर पाहून कंपनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला आणि ट्राय या विषयावर सल्लामसलत करणार आहे, तिची वाट पाहू, असे सांगितले.

ते सल्लामसलत पत्र 27 मार्च 2015 रोजी प्रसिद्ध झाले. त्याची पाने 118, प्रश्न 20, भाषा इंग्रजी, आणि मते पाठवण्याची मुदत 24 एप्रिल. इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेश, कॉल आणि इतर सेवांसाठी नियामक चौकट असावी का, त्यांना परवाना घ्यायला लावावा का, त्यांनी दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्याचा मोबदला द्यावा का, असे त्यातील प्रश्नांचे स्वरूप होते. प्रश्नांची मांडणीच अशी होती की कंपन्यांचे नुकसान होत आहे हे गृहीत धरून पुढे काय करावे एवढेच विचारले जात आहे, असे अनेक वाचकांचे मत झाले, आणि ते पत्र आज वाचले तरी तसेच वाटते.

इथे ‘सेव्ह द इंटरनेट’ या मोहिमेचे खरे कसब दिसते. पत्रकार, वकील, प्रोग्रॅमर, नवउद्योजक अशा स्वयंसेवकांचा हा सैलसर गट होता. ‘मीडियानामा’ या वृत्तसंकेतस्थळाचे संस्थापक निखिल पाहवा हे त्यातील ठळक नाव. या गटाने निषेधाच्या सह्या गोळा केल्या नाहीत. त्याने ती 118 पाने वाचली, त्यांचा सोप्या भाषेत गोषवारा केला आणि वीसही प्रश्नांची कारणांसह उत्तरे तयार करून एका संकेतस्थळावर ठेवली. तिथे येणारा माणूस ती उत्तरे वाचू शकत होता, हवी तशी बदलू शकत होता आणि आपल्याच ईमेलवरून ट्रायच्या पत्त्यावर पाठवू शकत होता. मुंबईच्या एआयबी या विनोदी गटाने 11 एप्रिलला प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओने विषय घराघरांत पोहोचवला, पण व्हिडिओ पाहून झाल्यावर प्रेक्षकाने नेमके काय करायचे याची तयारी आधीच झालेली होती. अनेक मोहिमा अगदी इथेच अडखळतात, कारण लोकांच्या मनात संताप जागा होतो आणि त्या संतापाला जायला दारच नसते.

त्याच सुमारास, 6 एप्रिलला, एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ ही योजना जाहीर केली होती. ज्या ॲपची कंपनी एअरटेलला पैसे देईल ते ॲप ग्राहकाला डेटा खर्च न होता वापरता येईल, अशी तिची कल्पना होती. या प्रकाराला झिरो रेटिंग म्हणतात. ग्राहकाला फुकट मिळते आहे, मग तक्रार कसली, असा प्रश्न सहज मनात येतो. तक्रार ग्राहकाच्या आजच्या खिशाविषयी नव्हती. पैसे देऊ शकणारी मोठी कंपनी फुकट आणि पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या दोन-तीन तरुणांनी उभे केलेले नवे ॲप मात्र डेटा खाणारे, अशी स्थिती झाली की नवे ॲप चांगले असूनही कुणी वापरून पाहत नाही, आणि काही वर्षांनी ग्राहकापुढे निवडायलाच काही उरत नाही. फ्लिपकार्ट या योजनेत जाण्याच्या बेतात होती. लोकांच्या प्रतिक्रियेनंतर 14 एप्रिलला ती बाहेर पडली.

मुदत संपल्यावर ट्रायने आलेली सर्व मते प्रसिद्ध केली आणि त्यासोबत ती पाठवणाऱ्या लाखो लोकांचे ईमेल पत्तेही उघडे केले. पारदर्शकतेचा हेतू योग्य असला तरी ही गोष्ट चुकीचीच होती. सरकारला मत कळवणाऱ्या नागरिकाने आपला ईमेल पत्ता जाहिरातदारांच्या हाती जाईल अशी भीती बाळगावी, हे कोणत्याही सल्लामसलतीला मारक आहे.

आता दुसरी फेरी. फेसबुकने फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने इंटरनेट डॉट ऑर्ग ही सेवा भारतात आणली होती. ती सुरुवातीला ज्या सहा राज्यांत सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता आणि तिच्या भाषांत मराठीही होती, त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकांसाठी कधीच दूरचा नव्हता. निवडक संकेतस्थळे त्या सेवेतून डेटाचे पैसे न देता पाहता येत. सप्टेंबर 2015 मध्ये तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. यादीत कोण येणार याच्या तांत्रिक अटी फेसबुक ठरवत असे, व्हिडिओ आणि इंटरनेट कॉल यांना त्यात जागा नव्हती, आणि सारी वाहतूक फेसबुकच्या सर्व्हरमधून जात असे.

या सेवेच्या बाजूचा युक्तिवाद वजनदार होता आणि त्याला हलक्यात घेणे योग्य नाही. ज्याने कधीच इंटरनेट पाहिले नाही त्याला निदान हवामान, आरोग्य आणि नोकरीची माहिती मिळाली तर बिघडले काय? काहीच नसण्यापेक्षा थोडे असणे बरे नव्हे का? यावर विरोधकांचे उत्तर असे होते की गरीब माणसाला थोडे इंटरनेट द्यायचे असेल तर ते प्रमाणाने थोडे द्यावे, निवडीने नव्हे. महिन्याला ठरावीक डेटा फुकट द्या आणि तो कुठे वापरायचा हे त्याचे त्याला ठरवू द्या. दोन्ही बाजू गरिबांचे नाव घेत होत्या, पण गरीब माणूस स्वतःसाठी काय उपयोगी हे ठरवू शकतो हे मानणारी बाजू एकच होती, आणि माझा कौल तिच्याकडे आहे.

ट्रायने 9 डिसेंबर 2015 रोजी वेगवेगळ्या डेटा दरांविषयी नवे सल्लामसलत पत्र काढले. यात प्रश्न फक्त चार होते. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या, रस्तोरस्ती फलक लावले, मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला, आणि फेसबुक उघडणाऱ्या भारतीय वापरकर्त्यांसमोर ट्रायला पाठवण्यासाठी तयार मजकूर ठेवला गेला. एका बटणावर तो रवाना होत असे. लाखोंच्या संख्येने असे ईमेल ट्रायकडे गेले. पण त्यात फ्री बेसिक्सला पाठिंबा एवढेच होते. ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांना त्यात उत्तर नव्हते. ट्रायने फेसबुकला तसे कळवले, त्या लोकांना पुन्हा उत्तर देण्याची संधी देण्यास सांगितले, आणि जानेवारी 2016 मध्ये फेसबुकला पाठवलेल्या पत्रात या साऱ्या प्रकाराबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. अर्थपूर्ण सल्लामसलतीला घडवून आणलेल्या मतकौलाचे रूप दिले जात आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

नियामक संस्था ही निवडणूक घेत नसते. ट्रायची स्थापना ज्या 1997 च्या कायद्याने झाली त्याच्या कलम 11(4) नुसार तिने आपले काम पारदर्शकतेने केले पाहिजे, आणि तिचा नियम न्यायालयात टिकायचा असेल तर त्यामागची कारणे दाखवता आली पाहिजेत. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्येच तुटणाऱ्या कॉलबद्दल ग्राहकांना भरपाई देण्याचा ट्रायचा नियम रद्द केला. तो नियम लोकप्रिय होता, पण तेवढ्याने वाचला नाही. म्हणून ‘दर वेगळे नकोत’ असे लाखभर लोकांनी म्हणण्यापेक्षा, दर वेगळे ठेवल्यास स्पर्धेवर काय परिणाम होईल आणि त्याला पर्याय कोणते आहेत हे शंभर जणांनी नीट लिहून देणे ट्रायच्या अधिक कामाचे असते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी फ्री बेसिक्सच्या तांत्रिक दोषांवर काढलेले निवेदन या दृष्टीने मोलाचे होते.

संख्या किती फसवी असू शकते याचा पुरावा पुढे अमेरिकेतून आला. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने 2017 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द करण्यापूर्वी मते मागवली, तेव्हा 2 कोटी 20 लाखांहून अधिक मते आली. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालानुसार त्यातील सुमारे 1 कोटी 80 लाख बनावट होती. त्यांपैकी 85 लाख ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आलेली, आणि 77 लाख नियमांच्या बाजूने एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाकरवी पाठवलेली. दोन्ही बाजूंच्या या खोट्या गर्दीत लाखो खऱ्या नागरिकांनी मनापासून लिहिलेले बुडून गेले.

ट्रायचा निर्णय 8 फेब्रुवारी 2016 रोजी आला, तेव्हा अध्यक्ष होते आर. एस. शर्मा. मजकूर काय आहे यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही, असा तो नियम होता. मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला 50 हजार रुपये, कमाल 50 लाख रुपये दंड ठेवला गेला. तातडीच्या सेवांसाठी किंवा सार्वजनिक संकटाच्या प्रसंगी सवलतीचा दर देता येईल, मात्र तसे सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवावे लागेल, असा एक अपवाद होता. नियमासोबत जोडलेले स्पष्टीकरण आजही वाचण्यासारखे आहे. ज्या देशात बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर यायचे आहेत तिथे कंपन्यांना इंटरनेटचे स्वरूप ठरवू दिले, तर त्या नव्या वापरकर्त्यांचा सगळा अनुभवच कंपन्या घडवतील, असे त्यात म्हटले आहे. शिवाय कोणतीही एक कंपनी संपूर्ण इंटरनेट चालवत नाही. तिच्या ग्राहकापर्यंत येणारा मजकूर इतर अनेकांच्या जाळ्यांतून येतो, त्यामुळे त्यातील एका टप्प्यावर बसलेल्याने दर ठरवून साऱ्या व्यवस्थेला वळण लावणे अयोग्य, हाही मुद्दा तिथे आहे. हे मुद्दे लोकांनी आणि संस्थांनी पाठवलेल्या उत्तरांत मांडले गेले होते. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स मागे घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने ग्रामीण ग्राहकांना महिन्याला 100 एमबी डेटा, कोणत्याही संकेतस्थळाचे बंधन न घालता, फुकट देण्याची शिफारस केली.

दरांचा प्रश्न सुटला तरी अडवणे आणि मंद करणे उरलेच होते. त्याविषयी ट्रायने नोव्हेंबर 2017 मध्ये शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने 31 जुलै 2018 रोजी कंपन्यांच्या परवान्यांत तशी अट घातली. मजकूर अडवणे, त्याचा दर्जा घटवणे, तो मंद करणे किंवा एखाद्याला जास्त वेग देणे यांना मनाई झाली. जाळ्यावर गर्दी झाली की ती आवरण्यासाठी कंपनीला वाजवी उपाय करता येतात, मात्र ते पारदर्शक आणि भेदभाव न करणारे असावे लागतात. वाचकांचा एक गोंधळ इथे दूर केला पाहिजे: सरकारच्या आदेशाने बंद होणारी संकेतस्थळे किंवा एखाद्या जिल्ह्यात होणारी इंटरनेटबंदी या नियमात येत नाही. ते प्रश्न गंभीर आहेत, पण त्यांचे कायदे वेगळे आहेत.

अमेरिकेत मात्र हेच नियम 2015 मध्ये आले, 2017 मध्ये गेले, 2024 मध्ये परतले आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले. आयोगातील तिन्ही मतदाने तीन विरुद्ध दोन अशी, पक्षाच्या रेषेवर झाली होती.

भारतात जुनाच प्रश्न आता नव्या नावाने आला आहे. व्हिडिओ आणि संदेश सेवांमुळे जाळ्यावर ताण पडतो, म्हणून मोठ्या मजकूर कंपन्यांनी जाळे उभारणीच्या खर्चात ‘न्याय्य वाटा’ उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. जुलै 2023 मध्ये ट्रायने काढलेल्या सल्लामसलत पत्राच्या निमित्ताने ती जोरात मांडली गेली. ऐकायला ती रास्त वाटते, परंतु त्या व्हिडिओचा डेटा ग्राहकाने मागवलेला असतो आणि त्याचे पैसे त्यानेच कंपनीला दिलेले असतात. मजकूर कंपनीही आपल्या बाजूच्या जोडणीचे पैसे भरतेच. दक्षिण कोरियात जाळ्याच्या शुल्काची व्यवस्था वेगळी आहे, आणि इतर बहुतेक देशांच्या दहापट खर्च येतो असे सांगून ट्विच या व्हिडिओ सेवेने फेब्रुवारी 2024 मध्ये तिथला व्यवसाय बंद केला. असे शुल्क आले तर मोठ्या कंपन्या ते ग्राहकाकडून वसूल करतील आणि लहानांना ते परवडणार नाही.

याखेरीज 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्याने परवान्यांऐवजी अधिकृततेची पद्धत आणली आहे. त्या कायद्याच्या कलमांत नेट न्यूट्रॅलिटीचा उल्लेख नाही, त्यामुळे 2018 ची अट नव्या पद्धतीच्या नियमांत तशीच्या तशी उतरते की पातळ होऊन, हे त्या नियमांचे मसुदे वाचूनच कळेल. ट्रायची सल्लामसलत पत्रे तिच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात, मते पाठवण्यास सामान्यतः चार आठवडे आणि इतरांच्या मतांवर प्रतिवाद करण्यास त्यानंतर आणखी दोन आठवडे मिळतात, आणि पुढे होणाऱ्या खुल्या चर्चेत कुणालाही सहभागी होता येते. तिथे लिहिताना प्रश्नाचा क्रमांक द्यावा, आपले उत्तर एका वाक्यात सांगावे आणि मग त्याचे कारण स्वतःच्या व्यवसायातून, गावातून किंवा वापरातून द्यावे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याची सक्ती नसते, म्हणून ज्या एका प्रश्नाविषयी आपल्याला खरोखर काही ठाऊक आहे तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर दिले तरी ते नोंदीवर येते.